स्लॉप, स्विल, स्टॉज : एका 'बेचव'ने भागत नाही

इंग्रजी बोलभाषेत नकोशा अन्नाला स्लॉप, ग्लूप, स्टॉज, स्विल अशी जी नावे आहेत, ती सारी एकाच अर्थाची असून कोणतेही कोठेही वापरले तरी चालते, हा समज इतका रुजला आहे की अनुवादांत या सर्वांपुढे 'बेचव अन्न' एवढेच लिहून काम संपवले जाते. हा निव्वळ आळस आहे. यांतील एकाही शब्दाचा रोख प्रामुख्याने चवीवर नाही. प्रत्येक शब्द अन्नाचा वेगळा दोष दाखवतो.

स्लॉप म्हणजे पातळ, पाणचट अन्न. मीठ-मसाला नेमका पडलेला रस्साही पाणी वाढून ताटभर पळू लागला, तर तो स्लॉप ठरू शकतो. ग्लूप म्हणजे डावातून सुटता सुटत नाही असा चिकट लगदा. स्टॉज हा ब्रिटिश शब्द पीठ, बटाटा, चरबी यांमुळे पोटात जड बसणाऱ्या अन्नासाठी आहे; तेथे पाणचटपणाचा प्रश्नच नसल्यामुळे वाफवलेल्या घट्ट पुडिंगला स्लॉप म्हणणे सरळ चूक आहे, आणि अनेकांना ते पुडिंग आवडते, म्हणून त्याला बेचव म्हणणे ही दुसरी चूक.

स्विलची गोष्ट याहून गंभीर आहे. ऑक्सफर्डच्या कोशांनुसार त्याचे मूळ 'धुणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदात आहे. म्हणजे मराठीतले धोवणच. डुकरांना घातल्या जाणाऱ्या खरकट्याचे हे नाव असून, २००१ च्या लाळ्या-खुरकूत साथीनंतर ब्रिटनने असे खरकटे डुकरांना घालण्यावरच बंदी आणली. त्यामुळे एखाद्याच्या स्वयंपाकाला स्विल म्हणणे म्हणजे तो माणसाने खाण्याजोगा नाही असे सांगणे होय, आणि 'बेचव' या शब्दात हा अपमान उतरत नाही.

आणखी काही गैरसमज थोडक्यात. ग्रुएल ही शिवी नसून पेजेसारखा साधा पदार्थ आहे. त्याची अपकीर्ती एकोणिसाव्या शतकातील अनाथ-दरिद्र्यांच्या वर्कहाउसांमुळे आणि डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मुळे झाली. ग्रब म्हणजे अळी हे खरे, परंतु अन्नाच्या संदर्भात त्याचा अर्थ केवळ 'जेवणखाण' असा असून त्यात कसलीही तक्रार नाही. जंक फूडमधील दोष पोषणाचा आहे, चवीचा नव्हे.

लग्नाच्या पंगतीत अळूचे फदफदे आवडीने वाढून घेणाऱ्या मराठी वाचकाला, नावाच्या नादावरून पदार्थाची पारख होत नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पाणचट, लगदा, जड, धोवण हे शब्द मराठीत तयार असताना अनुवादकांनी 'बेचव'वर थांबू नये.