पहिल्या मात्रेचे मौन

हाताने चार मात्रा मोजा. आपल्या तालात पहिल्या मात्रेवर सम असते. गवई तेथे येऊन पोहोचला, की श्रोत्यांच्या माना आपोआप डोलतात. आता याच मात्रा निराळ्या रीतीने वाजवून पाहा. पहिलीवर अगदी गप्प राहा, दुसरीवर व चौथीवर हलकी टिचकी द्या आणि तिसरीवर मांडीवर जोराची थाप मारा. प्रथम चुकल्यासारखे वाटेल. पण हात बसला, म्हणजे जमैका बेटावरील रेगे संगीताचा एक प्रमुख ठेका तुम्हांला साधला असे समजा.

कॅरिबियन समुद्रातील या बेटावर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांची वस्ती मोठी आहे. त्यांच्या ढोलांची लय, मेंटो नावाची खेड्यांतील गाणी आणि समुद्रापलीकडून रेडिओवर ऐकू येणारे अमेरिकन नृत्यसंगीत यांच्या मिश्रणातून आधी स्का, मग रॉकस्टेडी आणि १९६८ च्या सुमारास रेगे जन्मास आले. यात टिचक्या गिटारच्या, थाप ढोलाची. खर्जात बोलणारी बेस गिटार एरवी मागे असते. येथे ती गायकाच्या बरोबरीने चालते. किंग्स्टन शहरातील दरिद्री वस्त्यांमधील तरुणांनी या ठेक्यावर भूक, अन्याय आणि आफ्रिकेची ओढ गाइली. या परंपरेस ‘रूट्स’, म्हणजे मुळे, असे नाव पडले.

मुळे म्हटली तरी ती कधी कुंपणात राहिली नाहीत. बॉब मार्ली (१९४५–१९८१) व त्यांच्या साथीदारांनी जमैकात ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांवर लंडनमध्ये रॉक पद्धतीच्या गिटारची भर घालण्यात आली आणि १९७३ साली ती ‘कॅच अ फायर’ या नावाने प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या हँड्सवर्थ भागात १९७५ साली निघालेल्या ‘स्टील पल्स’ या पथकाने रेगेत जॅझची वळणे आणली. त्याच भागात वाढलेल्या अपाची इंडियन या पंजाबी घरातील गायकाने पुढे रेगेच्या कुळातील गाण्यांना भांगड्याची जोड दिली! अलीकडे जमैकाचा प्रोटोजे आणि त्याचे ‘इंडिग्नेशन’ पथक हिप-हॉपचे तालबद्ध बोल रेगेत गुंफतात.

पण हे मिश्रण सर्वांनाच रुचते असे नाही. २०२२ साली रेगेचे ग्रॅमी पारितोषिक अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या ‘सोजा’ या पथकास मिळाले. स्पर्धेत जमैकाचे नामवंत गायक होते. साहजिकच, ज्यांच्या दुःखातून हे गाणे उगवले त्यांना मान कधी मिळणार, असा प्रश्न पुष्कळांनी विचारला. मला तो प्रश्न रास्त वाटतो. परके वाद्य आले म्हणून रेगे बिघडत नाही; मार्लींच्या गाण्यांतही ते होतेच. रेगेच्या ‘स्टेपर्स’ नावाच्या ठेक्यात तर ढोल चारही मात्रांवर पडतो, पहिलीसुद्धा रिकामी राहत नाही, आणि तरीही जमैकाचा श्रोता त्याला आपलेच म्हणतो. तक्रार आहे ती गाणे दूरवर पोहोचते आणि किंग्स्टनची वस्ती मात्र मागे राहते, याची.