इंजिनिअरिंगचं ‘पॅकेज’ आणि हातात येणारा पगार



सीईटीचे पर्सेंटाइल लागले की ठाण्यापासून बदलापूरपर्यंत घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कोणती ब्रँच? कोणतं कॉलेज? आणि मग हळूच तिसरा प्रश्न, ‘पॅकेज किती मिळेल हो?’ पहिल्या दोन प्रश्नांवर बोलायला पुष्कळ लोक असतात, समुपदेशक असतात, क्लासवाले असतात. तिसऱ्यावर मात्र कुणी नीट बसून हिशेब करत नाही. आज तोच करू. वही-पेन घेऊन बसलात तर बरं.

आधी थोडं आपल्या भागाबद्दल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, १९६२ साली स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत ठाण्यातली वागळे इस्टेट. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ. कळव्याला सीमेन्स आणि मुकंद, पोखरण रोडला रेमंड, मोहोन्याला एनआरसी, शहाडला सेंच्युरी रेयॉन, कल्याण-शीळ रस्त्याला प्रीमियरचा मोटारींचा कारखाना. तुमच्या वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या पिढीत डिप्लोमा करून यातल्या एखाद्या कंपनीत चिकटलेला माणूस निवृत्तीपर्यंत तिथेच राहायचा. युनियन होती, बोनस होता, कॅन्टीन होतं. ‘इंजिनिअर झाला म्हणजे सुटला’ हे आपल्या घरांत बसलेलं वाक्य त्या काळातून आलेलं आहे.

आता बघा. रेमंडच्या जागेवर टॉवर उभे आहेत. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. प्रीमियरच्या जागेची ओळख आता तिथल्या गृहसंकुलांवरून होते. वागळे इस्टेटमध्ये शेडच्या जागी काचेच्या इमारती आल्या. घोडबंदर रोड, पोखरण रोड आणि ऐरोलीला आयटीची मोठमोठी ऑफिसं आहेत. सकाळी डोंबिवलीहून निघालेला मुलगा ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतो, ती बहुतेक ऐरोली, रबाळे किंवा घणसोलीच्या ऑफिससाठी. कारखाने सगळे गेले असं नाही. कळव्याची सीमेन्स आहे, शहाडची सेंच्युरी आहे, डोंबिवली-अंबरनाथच्या एमआयडीसीत शेकडो छोटे-मोठे उद्योग आहेत. पण ‘कायम नोकरी’ हा प्रकार आकसला. म्हणून जुन्या अपेक्षेने नव्या बाजारात मुलाला पाठवलं की दोघांचीही निराशा होते.

पॅकेज फोडून पाहू

समजा तुमच्या मुलीला कॉलेजमध्ये आलेल्या आयटी कंपनीने ३ लाख ६० हजारांचं पॅकेज दिलं. पेढे वाटले. आता भागाकार करा, महिन्याला ३० हजार. पण हे ३० हजार तिच्या खात्यात येत नाहीत. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला तिच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. त्यात मूळ वेतन १५ हजार धरलं, तर कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी १२ टक्क्यांनी १,८०० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी साधारण ७२०, आरोग्य विम्याचा हप्ता समजा ५००, आणि कामगिरीवर मिळणारी बदलती रक्कम समजा दहा टक्के, म्हणजे ३,०००. हे सगळं पॅकेजमध्ये मोजलेलं असतं, पण महिन्याच्या पगारात दिसत नाही. ग्रॅच्युइटी तर साधारणपणे पाच वर्षं नोकरी टिकल्यावरच हाती लागते. उरले २३,९८०. त्यातून तिच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी पुन्हा १,८०० जातो. हातात आले २२,१८०. मुलगा असेल तर व्यवसाय कराचे आणखी २०० कमी, म्हणजे २१,९८०. (महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ आहे. पुष्कळ मुलींना हे माहीतच नसतं, पगाराची स्लिप आली की तपासायला सांगा.)

थोडक्यात, ३० हजारांचे २२ हजार. भविष्यनिर्वाह निधी आपलाच पैसा असतो हे खरं, पण तो आज खर्चाला मिळत नाही. आणि घर चालतं ते आजच्या पैशावर.

आता दुसरी बाजू. मोठ्या आयटी कंपन्यांचा नवख्या मुलांसाठीचा सर्वसाधारण आकडा २०१० च्या आसपास तीन लाखांच्या जवळ होता. आजही तो साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो. मधल्या काळात महागाई दुपटीहून जास्त झाली. म्हणजे आकडा जवळपास तोच, पण त्यातून घरात येणारा किराणा निम्मा. या कंपन्यांत जास्त पगाराचे गटही असतात, सात लाखांचे, नऊ लाखांचे, आणि ते कोडिंगच्या वेगळ्या परीक्षेतून मिळतात. पण वर्गातल्या बहुतेकांना मिळते ती पहिली पायरी.

कर्ज काढलं असेल तर हिशेब आणखी टोचतो. चार वर्षांत फीचे ५ लाख कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षांची परतफेड धरली तर हप्ता सुमारे ८,३०० रुपये येतो. शिकत असताना साचलेलं व्याज यात धरलेलं नाही. बावीस हजारांतून आठ हजार तीनशे गेले की राहतात साडेतेरा-चौदा हजार. मुलगी डोंबिवलीत आई-वडिलांकडे राहून ऐरोलीला जाणार असेल तर भागेल. पोस्टिंग बंगळुरू किंवा हैदराबादला आलं तर? खोलीभाडं, खाणं, सणाला येण्या-जाण्याचं तिकीट. पहिली दोन वर्षं घरून पैसे पाठवावे लागतात, अशी कितीतरी घरं आपल्याला माहीत आहेत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त ते आधी कळायला हवं.

आजचा बाजार आणि चार वर्षांनंतरचा बाजार

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. प्रवेश घेताना आपण आजचा बाजार बघतो. मूल बाहेर पडतं चार वर्षांनी.

ताजं उदाहरण घ्या. करोनानंतर २०२१-२२ मध्ये आयटीची प्रचंड भरती झाली, एकट्या टीसीएसने त्या वर्षी लाखभर नवी मुलं घेतली. साहजिकच त्या काळात कॉम्प्युटर आणि आयटीसाठी झुंबड उडाली. पण २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांची मनुष्यसंख्या घटली, मिळून साठ हजारांहून जास्त. निवड झालेल्या काही मुलांना रुजू व्हायला एक-दोन वर्षं वाट पाहावी लागली. साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का, असंही २०२३ मध्ये विचारलं गेलं. २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांवर लोक कमी करण्याचं जाहीर केलं. म्हणजे तेजी पाहून आत गेलेलं मूल मंदीत बाहेर आलं. त्यात मुलाची काही चूक नव्हती.

आता याचा अर्थ ‘कॉम्प्युटर घेऊ नका’ असा काढू नका. अर्थ एवढाच, की शेजारच्या दादाला २०२२ मध्ये काय मिळालं यावरून तुमच्या मुलाला पुढे काय मिळेल हे ठरत नाही. शिवाय २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या ठरलेल्या कॉलेजांसाठी एका शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स या नावांच्या तुकड्या वाढल्या. एआय नावाची शाखा आणि कॉम्प्युटरची शाखा यांत पहिल्या दोन वर्षांत शिकवण्यात फारसा फरक नसतो. फळ्यावरचं नाव बघून पर्सेंटाइल वाया घालवू नका. तिथे शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, हे विचारा.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल यांना सध्या कमी भाव आहे. डोंबिवली-अंबरनाथच्या छोट्या कारखान्यात सुरुवातीला पंधरा-अठरा हजार सांगतात, तेही शनिवारी पूर्ण दिवस काम करून. ऐकून पालकांचा चेहरा पडतो. पण वर काढलेल्या बावीस हजारांशी ताडून पाहिलं तर दरी वाटते तेवढी मोठी नाही. आणि आपल्या भागात सिव्हिलचं काम तर डोळ्यांसमोर चालू आहे. वडाळा-कासारवडवली मेट्रो, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो, ठाणे-बोरिवली बोगदा, बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा. साइटवर उन्हात उभं राहायची तयारी असलेल्या मुलाला इथे काम शिकायला मिळतं. मात्र ती नोकरी बहुधा ठेकेदाराकडची असते, प्रकल्प संपला की गाव बदलतं, हेही घरात सांगून ठेवा.

सरकारी वाट आणि डिप्लोमाची वाट

रेल्वेच्या कनिष्ठ अभियंत्याचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपये. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता धरला तर मुंबई परिसरात एकूण साठ हजारांच्या वर जातं. आणि ऐका, या पदासाठी पदवी लागतेच असं नाही, अनेक शाखांत डिप्लोमा चालतो. राज्याच्या बांधकाम खात्यातही कनिष्ठ अभियंत्याची सुरुवात ३८,६०० मूळ वेतनापासून आहे. म्हणूनच एकेका जागेसाठी उमेदवारांची रांग लागते. परीक्षा कधी निघेल याचा नेम नाही, निकालाला वेळ लागतो. तयारी जरूर करू द्या, पण सोबत काहीतरी काम चालू ठेवून. पंचविसाव्या-सव्विसाव्या वर्षापर्यंत फक्त अभ्यासिकेत बसलेला मुलगा मग खासगी मुलाखतीत ‘मधली तीन वर्षं काय केलं?’ या प्रश्नाला अडतो.

दहावीनंतर डिप्लोमा हा रस्ता आपण फार लवकर खोडून टाकतो. तीन वर्षांचा कोर्स, प्रवेश दहावीच्या गुणांवर, आणि पुढे शिकायचं तर थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बारावी आणि पदवी असा नेहमीचा मार्ग धरला तर दहावीनंतर सहा वर्षं. डिप्लोमा करून पदवी घेतली तरी सहाच. फरक इतकाच, की डिप्लोमावाल्याच्या हातात तिसऱ्या वर्षी एक प्रमाणपत्र असतं, ज्यावर तो नोकरी करू शकतो. बारावीवाल्याच्या हातात फक्त सीईटी. ज्या मुलाला हाताने काम करायला आवडतं आणि घरची परिस्थिती बेताची आहे, त्याला हा मार्ग सुचवायला शिक्षकांनी कचरू नये.

प्रशिक्षणार्थी योजना, म्हणजे अप्रेंटिसशिप, ही आणखी एक दुर्लक्षित गोष्ट. १९६१ च्या कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना प्रशिक्षणार्थी घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांप्रमाणे पदवीधराला किमान ९,००० आणि डिप्लोमाधारकाला ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं, ते वाढवण्याची शिफारस २०२५ मध्ये झाली आहे. रक्कम कमीच आहे, नाकारत नाही. पण रेल्वे, महावितरण, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी अशा ठिकाणचा एका वर्षाचा अनुभव कागदावर येतो. या उलट, ‘दीड लाख भरा, ट्रेनिंग घ्या, नोकरीची हमी’ असं सांगणारे स्टेशनबाहेर पत्रकं वाटतात. ज्याने पगार द्यायचा तोच आधी पैसे मागतोय, तर दोन पावलं मागे या.

कॉलेजला काय विचारायचं

प्लेसमेंटच्या फलकावर एक फोटो मोठा असतो, २५ लाखवाला. समजा दहा मुलांपैकी नऊ जणांना साडेतीन लाख मिळाले आणि एकाला पंचवीस. सरासरी निघते ५ लाख ६५ हजार. जाहिरातीत हीच छापतात, आणि हा पगार त्या दहापैकी एकालाही मिळालेला नसतो! म्हणून विचारायचा तो मध्यक. पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो. आपण नववीत शिकवतो तोच. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना किती मुलं वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती, ही माहिती द्यावी लागते आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. मुलाला शोधायला लावा, दहा मिनिटांचं काम आहे.

‘९० टक्के प्लेसमेंट’ म्हटलं की विचारा, कशाच्या नव्वद? पुष्कळदा फक्त नोंदणी केलेल्या मुलांच्या. एका हुशार मुलीला तीन ऑफर आल्या तर काही ठिकाणी त्या तीन मोजतात.

शेवटी फीचं. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या वर्गातल्या विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच लक्षात ठेवा, प्रवेश कॅप राउंडमधून हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर वगैरे कागद निकालाची वाट न पाहता एप्रिल-मेमध्येच सेतू केंद्रातून काढून ठेवा, जूनमध्ये कल्याणच्या तहसील कार्यालयात उभं राहायलाही जागा नसते.