मिश्रण कीं भेसळ?

पाकशास्त्रांत मिश्रण हा गुण आहे आणि व्यापारांत भेसळ हा दोष आहे; परंतु या दोहोंमधील सीमारेषा नेमकी कोठें ओढावी, हें सांगणें वाटतें तितकें सोपें नाहीं. इटलींतील कियान्ती नांवाच्या तांबड्या वाइनचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास म्हणजे या एकाच प्रश्नाचा ऊहापोह होय. मद्याचें नांव काढतांच कित्येक वाचकांच्या भुंवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. ज्यांस तें वर्ज्य आहे त्यांनीं तें वर्ज्यच मानावें. मद्याचें निर्धोक असें कोणतेंच प्रमाण नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. परंतु आजोबा सोंवळ्यांत आणि नातू मिलान शहरीं नोकरीस, अशीं घरें आतां आपल्या समाजांत थोडीं नाहींत. नातवाच्या ताटाशेजारील पेल्याविषयीं बोलावयाचेंच असेल, तर तें जाणून बोलावें, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

विषय आपल्या पूर्वजांस अगदींच अपरिचित होता असें नाहीं. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें असून, देशावरून त्यास कापिशायन आणि हारहूरक अशीं नांवें दिलीं आहेत. इटलींतही हीच रीति. कियान्ती हें द्राक्षाचें नांव नव्हे. तें फ्लॉरेन्स आणि सिएना या नगरांमधील डोंगराळ मुलखाचें नांव आहे. १७१६ सालीं टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानें जाहीरनामा काढून या मुलखाच्या सीमा आंखून दिल्या.

या मुलखाचें मुख्य द्राक्ष सांजोव्हेझे. काळ्या द्राक्षांचा रस बहुधा पांढुरकाच असतो. तो सालींसह आंबविला म्हणजे त्यास तांबडा रंग चढतो, आणि सालींतून व बियांतून टॅनिन नांवाचें द्रव्य त्यांत उतरतें. हिरडा चावला किंवा फार उकळलेला चहा घेतला कीं जीभ आखडते, तो हाच गुण; आपल्या वैद्यकांतील कषाय रस. सांजोव्हेझेंत आम्ल आणि कषाय हे दोन्ही रस ठळक, सुवास उत्तम, परंतु रंग फिका. तेव्हां त्याच्या जोडीस कानायोलो हें सौम्य द्राक्ष तुरटपणा मऊ करण्यासाठीं आणि कोलोरिनो हें रंग भरण्यासाठीं घेतात. ज्याच्या त्याच्या अंगीं कांहीं उणें, आणि तें दुसऱ्यानें भरून काढावयाचें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें तत्त्व निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

या मिश्रणास शास्त्राचें रूप देणारा पुरुष बॅरन बेत्तिनो रिकासोली. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी हीं नांवें आपल्याकडे सर्वश्रुत आहेत. त्याच काळांत काव्हूरच्या मागून एकीकृत इटलीचा मुख्य प्रधान झालेला हा गृहस्थ ब्रोलिओ येथील आपल्या गढींत द्राक्षांवर वर्षानुवर्षें प्रयोग करीत असे. १८७२ सालीं पिसा येथील प्राध्यापक स्तुदिआती यांस लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपला निष्कर्ष दिला. सुवास आणि जोम सांजोव्हेझेनें द्यावा. कानायोलोनें त्याचा कठोरपणा निववावा. आणि माल्व्हाझिया या पांढऱ्या द्राक्षानें मिश्रण हलकें करून रोजच्या जेवणास योग्य करावें. मात्र जी वाइन वर्षानुवर्षें मुरवावयाची, तींत हें पांढरें द्राक्ष टाळणेंच बरें, असेंही त्यानें बजावून ठेवलें.

पुढें घडलें तें मोठें उद्बोधक आहे. १९६७ सालीं इटलीच्या सरकारनें कियान्तीचे नियम ठरविले, तेव्हां त्यांत पांढरीं द्राक्षें शेंकडा १० ते ३० सक्तीचीं केलीं. आणि माल्व्हाझियाच्या जोडीस त्रेब्बियानो हें पीक भरपूर देणारें पण चवीस बेताचें असलेलें द्राक्षही मान्य केलें. रिकासोलीचें सूत्र पाठ झालें, वृत्ति मात्र कोणी वाचली नाहीं! जें रोजच्या पेल्यासाठीं सांगितलें होतें, तें मुरवावयाच्या वाइनलाही लागू झालें. अशा रीतीनें भेसळच कायदेशीर झाली, आणि कियान्तीची प्रतिष्ठा उतरली.

जाणत्या उत्पादकांपुढें पेंच पडला: नांव राखावें कीं गुण राखावा? अंतिनोरी या प्राचीन घराण्यानें गुण पत्करला. १९७१ सालच्या पिकाची त्यांची 'तिन्यानेल्लो' ही वाइन कियान्ती हें नांव सोडून साधी 'जेवणाची वाइन' या खालच्या वर्गांत विकली गेली. १९७५ च्या पिकापासून त्यांनीं तींतून पांढरीं द्राक्षें अजीबात वगळलीं आणि काबर्ने या फ्रेंच द्राक्षाची जोड दिली. गिऱ्हाइकांनीं तिला उंची किंमत मोजली. कायद्यास हळूहळू शुद्धि आली: १९८४ सालीं पांढऱ्या द्राक्षांचें सक्तीचें प्रमाण बरेंच उतरलें, आणि २००६ च्या पिकापासून कियान्ती क्लासिकोंत तीं निषिद्धच झालीं. आज तींत सांजोव्हेझे निदान शेंकडा ८० असावें लागतें.

आतां आस्वादाविषयीं. बाटलीवर काळा कोंबडा असेल तर ती जुन्या, मूळ मुलखांतील कियान्ती क्लासिको समजावी. १९२४ सालीं स्थापन झालेल्या उत्पादक-संघाची ती मुद्रा होय. 'रिझेर्वा' असें लिहिलें असेल तर ती निदान २४ महिने मुरलेली असते. १६ ते १८ अंश उष्णमान तिला मानवतें. म्हणून आपल्या उन्हाळ्यांत बाटली कांहीं वेळ शीतकपाटांत ठेवावी. पेला तिसरा हिस्साच भरावा, हलकेच फिरवावा, आधीं वास घ्यावा, मग लहान घोट. आम्लानें तोंडास पाणी सुटतें, कषायानें तें आटतें. या दोहोंचा तोल साधला आहे कीं नाहीं, हीच मिश्रणाची कसोटी. ही वाइन रिकाम्या पोटीं घेण्याची नव्हे. टोमॅटोचा आंबटपणा तिच्याशीं जुळतो, जुन्या चीजनें तिचा तुरटपणा मवाळ होतो. परंतु तिखटानें तुरटपणा आणि मद्यार्काचा दाह दोन्ही वाढतात, म्हणून झणझणीत रश्श्याशीं तिची सोयरीक जमत नाहीं.

हें सारें दूरदेशींचेंच आहे असेंही नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजजवळ इटालियन आणि भारतीय भावांनीं मिळून लावलेल्या द्राक्षमळ्यांत सांजोव्हेझे पिकतें, आणि त्याचें व काबर्नेचें मिश्रण 'सेत्ते', म्हणजे सात, या नांवानें विकलें जातें.

ज्या पदार्थास मिश्रणांत कांहीं काम आहे, तो मिश्रणाचा घटक. जो केवळ माप वाढवितो, ती भेसळ. हा विवेक करावयास पेला ओठांस लावलाच पाहिजे असें नाहीं. वाडवडिलांनीं घालून दिलेला कोणताही नियम पुढच्या पिढीच्या हातीं देतांना तो कोणत्या प्रसंगासाठीं होता, हेंही सोबत सांगावें. नाहीं तर नियम उरतो आणि गुण जातो, एवढें कियान्तीकडून शिकण्यासारखें आहे.