हॅटनचा रोलर

संपादकांना श्रीलंकेच्या चहा-निर्यातीवर लेख हवा होता. मी तिथल्या हॅटनजवळच्या चहा-कारखान्यात गेले आणि रोलरपाशीच खिळून राहिले.

इतिहास सगळीकडे सांगतात तोच. जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने १८६७ मध्ये कँडीजवळ लूलकंदुरा इथे १९ एकरांत चहा लावला. पुढे तांबेऱ्याने बेटावरची कॉफी संपवली आणि त्याच उतारांवर चहा चढला.

रोलर म्हणजे पट्ट्या बसवलेलं गोल मेज. त्यावर पाला भरलेलं मोठं नळकांडं गरगर सरकतं, वरचं झाकण हळूहळू दाब वाढवतं. हवेच्या झोतावर तासन्‌तास सुकवून मऊ पडलेली पानं त्यात पिळली जातात, रस बाहेर येतो आणि हिरवा रंग डोळ्यांदेखत तांबूस होऊ लागतो. मग पाला चाळणीवर. खाली पडते ती पहिली धूल. उरलेला जाड पाला पुन्हा रोलरमध्ये, की दुसरी धूल. प्रत्येकीचा रंग आणि कडकपणा निराळा, म्हणून त्या वेगळ्याच ठेवतात. आपल्या घरी उकळतो तो दाणेदार चहा दातेरी रुळांतून झटपट चिरडून निघतो. लंकेने मात्र बहुतांश चहासाठी ही धिमी रीत सोडलेली नाही. चहा बनवण्यावर देखरेख करणारा टीमेकर मूठभर पाला दाबून बघत होता, नाकाशी नेत होता. पावसाचा पाला नीट सुकला नव्हता, म्हणून त्याने दाब कमी ठेवला. इतकी जाण बोटांत उतरायला माणसाचं उभं आयुष्य लागत असणार.

पण रोलरला पाला पुरत नाही. २०१३ मध्ये देशात सुमारे ३४ कोटी किलो चहा झाला होता, २०२२ मध्ये जेमतेम २५ कोटी. २०२१ मध्ये सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. काही महिन्यांत निर्णय फिरवला, तरी उपाशी झुडपं लगेच सावरत नाहीत. त्यात मळ्यांवरची पुष्कळ झुडपं म्हातारी, नवी लागवड तुटपुंजी. आज सत्तर टक्क्यांहून अधिक चहा छोट्या शेतकऱ्यांचा, तोही मुख्यतः रत्नपुरा, गाले, मातारा या सखल भागांतला.

डोंगरातल्या मळ्यांवर खुडणाऱ्या बायकांचे पूर्वज तामिळनाडूतून आणलेले मजूर. १९४८ च्या कायद्याने त्यांचं नागरिकत्वच गेलं, ते परत मिळवण्यात अनेक दशकं गेली. २०२४ मध्ये रोजची मूळ मजुरी १,३५० श्रीलंकन रुपये ठरली. मळे चालवणाऱ्या कंपन्या तेव्हा म्हणत होत्या, याहून जास्त परवडत नाही. पण मळ्याच्या मजुरीवर घर चालत नाही, म्हणून मुली कोलंबोच्या कपडा कारखान्यांत नाहीतर आखातात घरकामाला जातात, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही.

माणसं मिळेनात म्हणून काही मळ्यांवर कात्रीने पाला काढतात. त्यात जून पानं आणि देठ येतात, आणि जून पान रोलरमध्ये नीट वळत नाही. काही कंपन्यांनी झुडपं कुटुंबांना वाटून देऊन पाला विकत घ्यायला सुरुवात केली आहे. मला हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. मात्र जमीन सरकारची, भाडेपट्टा कंपनीचा. बहुतेक कुटुंबांच्या नावावर राहत्या घराखालची जागाही नाही.