आरोग्य विमा, सार्वजनिक पर्याय
खाजगी कंपन्यांशी स्पर्धा करणारी, शासनाने चालवावयाची ऐच्छिक आरोग्य विमा योजना. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००९ मध्ये तीवर तीव्र वाद झाला. अशा योजनेत नफा वाचतो, हे खरे. पण मोठी बचत रुग्णालयांना द्यावयाच्या दरांतूनच होऊ शकते. मेडिकेअर (१९६५) ह्या मुख्यत्वे वृद्धांसाठीच्या शासकीय योजनेचे दर खाजगी दरांहून बरेच कमी असतात. प्रतिनिधिगृहाच्या विधेयकात मात्र दर वाटाघाटींनी ठरावयाचे होते. शिवाय अधिक आजारी लोक शासकीय योजनेकडे वळण्याचा संभव होता. त्यामुळे तिचा हप्ता खाजगी सरासरीहून काहीसा जास्तच राहील, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. स्वस्ताईसाठी पुढे केलेल्या योजनेबाबत तो विलक्षणच म्हणावा लागेल. सेनेटने हा पर्याय वगळला व २०१० च्या अधिनियमात तो आला नाही.