रझांचा बिंदू

24 जुलै 2016 रोजी मध्य प्रदेशातील मंडला गावच्या कब्रस्तानात चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा दफनविधी झाला. जागा त्यांनीच सांगून ठेवली होती, वडिलांच्या कबरीशेजारी. साठ वर्षं फ्रान्समध्ये राहिलेला हा माणूस अखेर नर्मदाकाठच्या मातीत परतला. त्यांची चित्रं मात्र त्याच्या कितीतरी आधी तिथं पोचली होती.

रझांचा जन्म 1922 साली बाबरिया या खेड्यात झाला. वडील वनखात्यात नोकरीला, त्यामुळे बालपण जंगलातच गेलं. रात्री किर्र अंधाराची भीती वाटायची. दिवस उजाडला की धीर यायचा आणि आठवडी बाजारात रंगांची नुसती उधळण दिसायची. हा काळोख आणि हे रंग पुढं आयुष्यभर त्यांच्या कॅनव्हासवर येत राहिले. शाळेत मात्र लक्ष लागत नसे. एके दिवशी गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि बाकी सगळं विसरून त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. ठिपका काढणारे गुरुजी हिंदू, बघणारा मुलगा मुसलमान. त्या वेळी दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नसणार.

नागपूरच्या कलाशाळेत आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये त्यांचं शिक्षण झालं. 1947 साली सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यासोबत त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. त्याच वर्षी आई गेली, पुढच्या वर्षी वडील. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली. रझा इथंच राहिले. लहानपणी मंडल्यात त्यांनी गांधीजींना पाहिलं होतं. देश सोडणं म्हणजे गांधीजींशी प्रतारणा, असं त्यांना वाटत होतं. पुढं शिकायला परदेशी गेले, तिथंच संसार थाटला, पण नागरिकत्व भारताचंच ठेवलं.

1948 साली काश्मीरमध्ये त्यांची फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी भेट झाली. तुमच्या चित्रांत रंग आहेत, पण बांधणी कच्ची आहे, सेझानची चित्रं अभ्यासा, असा सल्ला त्यांनी दिला. रझांनी तो मनावर घेतला. फ्रेंच शिकले, शिष्यवृत्ती मिळवली आणि 1950 मध्ये पॅरिसला पोचले. सहा वर्षांत तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कारही मिळाला. 1962 मध्ये अमेरिकेत शिकवायला गेले असताना मार्क रॉथकोची चित्रं पाहून रंगांकडे बघण्याची त्यांची दृष्टी आणखी मोकळी झाली.

नाव झालं, चित्रं विकली जाऊ लागली, तरी समाधान नव्हतं. या चित्रांत आपला देश कुठं आहे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. सत्तरच्या दशकात ते पुन्हा पुन्हा भारतात येत राहिले. अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान असं फिरले. राजपूत लघुचित्रांतला तांबडा, पिवळा, काळा नव्यानं न्याहाळला. या शोधात त्यांना शाळेच्या भिंतीवरचा तो ठिपका पुन्हा सापडला. त्याचा बिंदू झाला: कधी काळा सूर्य, कधी जमिनीखाली अंकुरणारं बी. त्याभोवती पंचतत्त्वं आली, पुरुष-प्रकृती आली, कुंडलिनीचा नाग आला. 1981 सालच्या ‘माँ’ या चित्रात तर त्यांनी देवनागरीत कवितेची ओळच लिहिली.

मुसलमान घरातल्या चित्रकाराला हे सगळं कसं सुचलं, असा प्रश्न अजूनही कुणीतरी विचारतं. पण रझांनी ते कुणाकडून उसनं आणलं नव्हतं. ज्या शाळेत शिकले, ज्या जंगलात वाढले, ज्या भाषेत विचार केला, तिथलंच ते होतं. नमाज पढताना नजर सजद्याच्या जागेवर ठेवावी, असं घरोघरी मुलांना शिकवतात. शेजारच्या घरात जपमाळ ओढणारी आजीही भरकटणारं मन असंच एका जागी आणत असते. रमजानच्या महिनाभर भूक-तहान सोसताना रोजेदाराचीही हीच खटपट चाललेली असते. रझांच्या बिंदूसमोर यांतल्या कुणालाही परकं वाटू नये.

2002 मध्ये पत्नी जानीन गेल्या. 2010 अखेर रझा दिल्लीला कायमचे परतले. शरीर थकलं होतं, तरी काम सुरू होतं. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी गांधीजींवर चित्रमालिका केली. त्यात ‘हे राम’ आहे, ‘पीर पराई’ आहे. मंडल्यात पाहिलेल्या त्या माणसाचं ऋण त्यांनी शेवटी रंगांतून फेडलं.