धाकट्याचा पाट

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या कल्याणच्या घरी थोरलीचा अभ्यास घ्यावयास बसले, की धाकटा तिची वही ओढी. एकदा मी त्यास धपाटा दिला. तो हुंदके देत म्हणाला, “मला पण शाळा!” मला फार वाईट वाटले.

तेव्हा आठवण झाली ती ताराबाई मोडकांची. त्यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुलांस धाकटी भावंडे सांभाळावी लागत, म्हणून शाळा अंतरे. ताराबाई व अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभारली. धाकट्यांसही तेथे जागा मिळाली.

मीही थोरलीशेजारी धाकट्याचा पाट मांडला. पहिली दहा मिनिटे त्याची; मग तिची. मोठे शिंपले निवडणे, एका भांड्यातील पाणी दुसऱ्यात ओतणे, ही त्याची कामे. सासूबाई वालाच्या शेंगा सोलीत त्याच्याजवळ बसत. लहानगे बी तोंडात घालते, ही सावधगिरी हवीच.

भगिनींनो, धाकट्यास बाहेर धाडण्यापूर्वी त्याचा पाट मांडून पाहा. वही ओढणे आमच्याकडे तरी आठवड्यात थांबले.